सिरॅमिक खुब्याचा जमाखर्च

खुब्याचा सांधा बदलण्याचे ठरले की रोग्याच्या घरी पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा टिकाऊपणाचा. पहिल्याचे उत्तर रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात छापील मिळते. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र चांगले अनुभवी शल्यविशारदही ‘पंधरा-वीस वर्षे तर सहज’ अशा मोघम शब्दांचा आश्रय घेतात. हा मोघमपणा अज्ञानातून येतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. जी वस्तू दोन-तीन दशके टिकावी अशी अपेक्षा असते तिची परीक्षा पुरी व्हायला तितकीच दशके लागतात, आणि तेवढ्या मुदतीत कारखानदार ती वस्तू निदान दोनदा बदलून टाकतो. त्यामुळे ज्या सांध्याची दीर्घकाळ परीक्षा झाली तो आज बाजारात नाही आणि जो बाजारात आहे त्याची तेवढी परीक्षा झालेली नाही, हा या विषयातला मूळचाच पेच आहे. सिरॅमिकच्या सांध्याविषयी गेल्या पाच दशकांत काय निश्चित कळले आणि भोपाळसारख्या शहरातल्या रोग्याच्या दृष्टीने काय कळायचे राहिले, याची रुजुवात घालावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न बहुशः साठी ओलांडलेल्या, वयोमानाने सांधा झिजलेल्या माणसाचा असतो. आपल्याकडे झिजेचे हे दुखणे खुब्यापेक्षा गुडघ्यालाच अधिक ग्रासते, आणि खुबा बदलण्याची पाळी प्रामुख्याने येते ती मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतल्या आत मृत होऊन ढासळल्यामुळे. डॉक्टर आणि रोगी दोघेही याला ‘एव्हीएन’ याच आद्याक्षरांनी ओळखतात. स्टिरॉइडांचा दीर्घ वापर, मद्यपान, मांडीच्या हाडाची मान मोडणे आणि सिकलसेल हा रक्तदोष ही त्याची मुख्य कारणे होत. यातले शेवटचे कारण मध्य प्रदेशाच्या घरचे आहे: सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ १ जुलै २०२३ रोजी याच राज्यातल्या शहडोलहून झाला, आणि झाबुआ-अलीराजपूरपासून मंडला-डिंडोरीपर्यंतच्या आदिवासी मुलुखात, तसाच पलीकडे आपल्या गडचिरोलीतही, विशी-पंचविशीत लंगडू लागलेली मुले या रोगाची साक्ष देतात. करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या सुमारास स्टिरॉइडांचे उपचार झालेल्या रोग्यांत हाच विकार उद्भवू लागल्याचे माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील शल्यविशारदांनी २०२१ मध्येच नोंदवले होते. तात्पर्य, सत्तर वर्षांच्या वृद्धाला पंधरा वर्षांचा सांधा पुरून उरतो, पण तिशीतल्या तरुणाला तो निम्म्या वाटेवर सोडतो. आणि फेरशस्त्रक्रिया ही पहिलीहून अवघड, खर्चिक आणि कमी टिकाऊ असते. सिरॅमिकचे आकर्षण आपल्याकडे का आहे ते यावरून उमगेल.

कृत्रिम खुब्याचा इतिहास हा खरे पाहता पदार्थांच्या पराभवाचा इतिहास आहे. बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हस्तिदंताचे सांधे घडवून पाहिले. पॅरिसच्या ज्युदे बंधूंनी १९४६ मध्ये अॅक्रिलिकचा गोळा बसवला. तो काही वर्षांतच झिजे किंवा मोडे. असा गोळा बसवलेल्या एका इंग्रज रोग्याचा खुबा पुढे वाकताना इतका कर्कश कुरकुरे की त्याच्या पत्नीला तो आवाज असह्य होई, आणि जॉन चार्नली या शल्यविशारदाचे लक्ष सांध्यातल्या घर्षणाकडे वेधले गेले ते या कुरकुरीमुळे, अशी हकीकत सांगतात. लँकेशायरमधल्या राइटिंग्टन येथे चार्नलीने प्रथम टेफ्लॉनच्या उखळ्या बसवल्या. घर्षण अत्यल्प होते, परंतु दोन-तीन वर्षांतच टेफ्लॉनचा भुगा होऊन भोवतालच्या मांसात गाठी धरल्या, आणि सुमारे तीनशे रोग्यांच्या सांध्यांची वाताहत झाली. या माणसाची बौद्धिक सचोटी अशी की त्याने टेफ्लॉनचे आणि नव्या पॉलिएथिलीनचे तुकडे स्वतःच्याच मांडीत घालून कोणते अंगी सोसते ते पाहिले, आणि नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिएथिलीनची उखळी व पोलादाचा लहान गोळा अशी जोडी वापरण्यास प्रारंभ केला. ही जोडी टिकली. आजचा प्रत्येक कृत्रिम खुबा तिचाच वंशज आहे.

पण टिकली म्हणजे किती? पॉलिएथिलीनची उखळी वर्षाला सुमारे ०.१ मिलिमीटर झिजते. आकडा क्षुल्लक वाटतो. तथापि त्या झिजेतून वर्षाकाठी कोट्यवधी कण सुटतात, आणि त्यांतले बहुसंख्य एका मायक्रॉनहूनही सूक्ष्म असतात. शरीरातल्या भक्षक पेशी त्यांना जंतू समजून गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि चवताळून जी रसायने सोडतात त्यांच्या प्रभावाने सांध्याभोवतीचे हाड विरघळू लागते. रोग्याला वर्षानुवर्षे काही जाणवत नाही, आणि एके दिवशी क्ष-किरण चित्रात उखळीमागे पोकळ्या दिसतात. आरंभी या अनर्थाचे खापर सांधा चिकटवण्याच्या सिमेंटवर फोडण्यात आले, ‘सिमेंटचा रोग’ असे नावही त्याला मिळाले, आणि सिमेंटविरहित सांध्यांची लाट आली. त्या सांध्यांतही हाड विरघळू लागले तेव्हा कुठे खरा अपराधी सापडला. सिरॅमिकच्या पुरस्कर्त्यांचा सारा युक्तिवाद या एका शोधावर उभा आहे: कणच सुटले नाहीत तर हाड विरघळणार नाही.

हा युक्तिवाद गाजण्यापूर्वीच, १९७० मध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या पो या गावी पियर बुतँ याने गोळा आणि उखळी दोन्ही अॅल्युमिनाची असलेला पहिला सांधा बसवला होता. अॅल्युमिना म्हणजे अॅल्युमिनियमचे ऑक्साइड. माणिक आणि नील ही रत्ने त्याचीच स्फटिकरूपे होत, आणि ज्या बॉक्साइटपासून तो काढतात ते आपल्या अमरकंटकच्या पठारावरून कोरब्याच्या कारखान्याकडे कित्येक वर्षे रवाना होत असे. अर्थात वैद्यकीय प्रतीची भुकटी निराळ्याच शुद्धतेची असते, तेव्हा या योगायोगाचा अभिमान बाळगण्यात फारसा अर्थ नाही. या पदार्थाचे दोन गुण सांध्याच्या कामी येतात. एक त्याचे काठिण्य, ज्यामुळे त्याला दिलेली झिलई ओरखडत नाही. आणि दुसरा त्याचे जलप्रेम, ज्यामुळे सांध्यातल्या द्रवाचा पातळ थर त्याच्या पृष्ठभागाला धरून राहतो व गोळा जणू त्या थरावरच फिरतो. चांगल्या बसवलेल्या अशा जोडीची झीज वर्षाला एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास भरते. दोष एकच, पण जातिवंत: धातू ताणला गेला तर वाकतो, सिरॅमिक वाकत नाही, चिनी मातीच्या बशीप्रमाणे ते एक तर शाबूत असते किंवा फुटलेले असते, मधली अवस्था त्याला ठाऊक नाही.

पहिल्या पिढीच्या सांध्यांनी निराशा केली हे खरे, परंतु त्या निराशेचे विच्छेदन करून पाहिले तर दोष पदार्थापेक्षा त्याच्या जडणघडणीकडे आणि जोडकामाकडे अधिक जातो. अॅल्युमिनाचे कण त्या काळी मोठे आणि विषम असत. मोठ्या कणाच्या कडेपासून तडा निघणे सोपे. बुतँ आरंभी गोळा मांडीच्या हाडात रोवलेल्या धातूच्या दांड्याला चिकटवीत असे, आणि तो सुटे. पुढे निमुळत्या टोकावर गोळा दाबून बसवण्याची रीत आली, जी आजतागायत चालू आहे. जर्मनीत हाइन्झ मिटेलमायरने १९७४ पासून वापरात आणलेला आटे असलेला सिमेंटविरहित सांधा हाडात स्थिर राहीना. या सर्वांत मननीय पुरावा पॅरिसचा आहे. लोराँ सेदेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९-८० या काळात बसवलेल्या ११८ सांध्यांचा किमान साडेअठरा वर्षांचा वृत्तांत २००२ मध्ये प्रसिद्ध केला. झीज नगण्य, हाड विरघळण्याचे प्रमाण अल्प. आणि तरीही सिमेंटने बसवलेल्या उखळ्यांपैकी वीस वर्षांनी केवळ ६१ टक्के जागेवर होत्या, तर सिमेंटविना बसवलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के. अॅल्युमिनाची उखळी हाडापेक्षा कितीतरी पट ताठ असल्यामुळे भार सिमेंटच्या थरावर एकवटत असे आणि तो थर निखळत असे. म्हणजे घासणारे पृष्ठभाग अभंग राहिले, हाडाशी केलेला करार मात्र मोडला. सांध्याचे आयुष्य मोजताना या दोन गोष्टींची गल्लत करण्याची खोड जाहिरातींना आहे आणि, खेदाने म्हणावे लागते, काही व्याख्यानांनाही आहे.

अॅल्युमिनाच्या ठिसूळपणावर तोडगा म्हणून १९८० च्या दशकात झिर्कोनिया आला. तो अधिक चिवट, आणि म्हणून लहान आकाराचे गोळेही त्यापासून करता येत. याचा चिवटपणा येतो कुठून, तर त्याचे स्फटिक एका अस्थिर रूपात यिट्रियाच्या साहाय्याने जखडून ठेवलेले असतात. तडा त्यांच्यापाशी आला की ते रूप पालटतात, फुगतात आणि तड्याचे तोंड दाबून धरतात. बुद्धी थक्क व्हावी अशी ही योजना, पण तिच्यात एक घातकी कलम दडलेले होते. ऊब आणि ओलावा मिळाल्यास हे स्फटिक तडा नसतानाही हळूहळू रूप पालटू लागतात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पदार्थ कमकुवत होत जातो. आणि मानवी शरीरात ऊब व ओलावा यांना तोटा नाही. वाफेच्या निर्जंतुकीकरणाने हीच क्रिया वेगाने घडते, म्हणून झिर्कोनियाचे गोळे पुन्हा वाफवू नयेत अशी ताकीद अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये दिली. त्यानंतर जे घडले ते कारखानदारीच्या इतिहासात पाठ म्हणून शिकवावे असे आहे. जगाला झिर्कोनियाचे गोळे पुरवणाऱ्या सेंट-गोबेन देमार्के या फ्रेंच कारखान्याने १९९८ मध्ये भाजणीची भट्टी बदलली; सुट्या घाण्यांऐवजी सलग चालणारी बोगद्यासारखी भट्टी आली. पदार्थ तोच, कारागीर तेच, नमुना तोच. पण त्या भट्टीतून निघालेल्या काही गटांचे गोळे रोग्यांच्या खुब्यात एक-दोन वर्षांतच फुटू लागले, आणि ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीला ते जगभरातून परत मागवावे लागले. हा गोळा कोणत्या भट्टीतला आणि कोणत्या गटातला हे कळले, कारण प्रत्येक गटाला क्रमांक होता आणि तो क्रमांक रुग्णालयांच्या दप्तरी उतरवलेला होता. एरवी झिर्कोनिया एकंदरीतच दुष्ट ठरला असता, आणि तोही अर्धवट न्याय झाला असता.

आज भारतात आणि अन्यत्र जो गुलाबी-जांभळ्या छटेचा सिरॅमिक गोळा वापरतात तो या दोन पदार्थांचा समेट आहे: सुमारे चार-पंचमांश अॅल्युमिना, त्यात विखुरलेला झिर्कोनिया, आणि थोडे क्रोमियम, ज्याने तो रंग येतो. प्लोशिंगेनच्या सेरामटेक या जर्मन कंपनीने तो २००० च्या सुमारास ‘बायोलॉक्स डेल्टा’ या नावाने आणला. त्याआधीच्या शुद्ध अॅल्युमिनाच्या सुधारलेल्या पिढीला ‘फोर्टे’ म्हणत. जगभरच्या बहुतेक सांधे-कंपन्या गोळे याच कारखान्यातून घेतात, त्यामुळे डबा कोणाच्याही नावाचा असला तरी आतला माल बहुशः एकाच घरचा असतो, ही गोष्ट महागड्या आणि स्वस्त सांध्यांमध्ये दोलायमान झालेल्या कुटुंबाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारखान्यात प्रत्येक गोळ्यावर प्रत्यक्षातल्यापेक्षा जास्त भार टाकून पाहतात, आणि जो टिकतो त्यावरच लेसरने क्रमांक कोरतात.

या सगळ्याचे फळ काय, ते इंग्लंड-वेल्सच्या राष्ट्रीय सांधा-नोंदवहीवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दिसते. फोर्टेच्या सुमारे ३२ हजार गोळ्यांपैकी ३८ फुटले. डेल्टाच्या सुमारे ७९ हजारांपैकी केवळ ७. गोळा फुटण्याचे भय, ज्याच्यापायी एकेकाळी शल्यविशारद सिरॅमिकला हात लावायला कचरत, ते जवळजवळ निकालात निघाले आहे. परंतु त्याच तक्त्यात उखळीच्या आतल्या अस्तराचे, म्हणजे ज्याला सगळे लायनर म्हणतात त्याचे, आकडे पाहावेत: डेल्टाच्या सुमारे ८० हजारांपैकी १०१ फुटले, आणि हे प्रमाण फोर्टेच्या प्रमाणापेक्षा कमी नाही. पदार्थ सुधारला, तरी लायनरचे भंग घटले नाहीत. याचा उलगडा बहुधा पदार्थात नसून शल्यविशारदाच्या हातात आहे. लायनर उखळीच्या बाहेरच्या धातूच्या कवचात, म्हणजे कपात, किंचितही तिरपा बसला, किंवा कप घट्ट ठोकताना वेडावाकडा झाला, तर सिरॅमिक ते निमूटपणे सोसत नाही.

आणि फुटल्यावर पुढे काय, याचे उत्तर ठाऊक असणे रोग्यापेक्षाही डॉक्टराला अगत्याचे आहे. फुटलेल्या सिरॅमिकचे काचेहून कठीण कण सांध्याच्या अस्तरात रुतून बसतात. कितीही धुतले तरी काही उरतातच. अशा खुब्यात धातूचा गोळा बसवला तर ते कण त्या धातूला कानसीसारखे घासत राहतात. जर्मनीतल्या मारबुर्ग येथे २०१२ मध्ये आलेल्या एका पंचावन्न वर्षांच्या रोग्याचे हृदय निकामी होत चालले होते, दृष्टी आणि श्रवण मंदावले होते, आणि कोणालाच निदान होईना. त्याचा फुटलेला सिरॅमिक सांधा काढून तिथे धातूचा गोळा बसवलेला होता. धातू झिजून कोबाल्टचे विष रक्तात भिनले होते. तिथल्या डॉक्टरांना हे सुचले ते ‘हाउस’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतल्या एका कथेमुळे, आणि त्यांनी ते २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रांजळपणे लिहिलेही. फुटलेल्या सिरॅमिकच्या जागी पुन्हा सिरॅमिकच बसवावे, हा नियम तेव्हापासून अधिक कसोशीने पाळला जातो.

दुसरी तक्रार कुरकुरीची. ज्युदेच्या अॅक्रिलिक गोळ्याने चार्नलीला जो प्रश्न घातला तो अर्धशतकानंतर सिरॅमिकच्या जोडीने पुन्हा घातला, हा इतिहासाचा मिश्कीलपणाच म्हणायचा. चालताना, जिना चढताना किंवा वाकताना खुब्यातून दाराच्या बिजागरीसारखा आवाज येतो. निरनिराळ्या अभ्यासांत त्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमीपासून दहा टक्क्यांहून अधिक इतके भिन्न नोंदले आहे, आणि यावरूनच प्रत्येकाने आवाज मोजण्याची निराळी फूटपट्टी वापरली हे उघड होते. कप फार उभा किंवा फार पुढे वळलेला बसल्यास गोळा उखळीच्या कडेवर घासतो, मधला द्रवाचा थर तुटतो आणि पृष्ठभागावर एक पट्टा उमटतो. काही विशिष्ट मिश्रधातूंचे लवचीक दांडे तो कंप वाढवतात. वेदना सहसा नसते, आणि केवळ आवाजासाठी सांधा काढावा लागणे विरळा. तरीही ज्याच्या घरात तो आवाज रात्रंदिवस वावरतो त्याला ही आकडेवारी फारसा दिलासा देत नाही.

सिरॅमिकचा खरा प्रतिस्पर्धी मात्र भंग नव्हे, कुरकुरही नव्हे. तो सुधारलेले पॉलिएथिलीन आहे. किरणोत्सर्गाच्या माऱ्याने ज्याचे रेणू आपापसांत गुंफले आहेत असे पॉलिएथिलीन १९९८-९९ पासून वापरात आले, आणि त्याची झीज जुन्याच्या अल्पशा अंशावर आली. दोन दशकांनंतरही त्यामागचे हाड फारसे विरघळताना दिसत नाही. त्यामुळे सिरॅमिक-सिरॅमिक जोडीचा जो एकमेव निर्णायक लाभ होता तो या स्वस्त आणि न फुटणाऱ्या अस्तराने बराचसा हिरावून घेतला. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन नोंदवह्यांत संपूर्ण सिरॅमिकचा वाटा गेल्या दशकभरात घटत गेला आणि सिरॅमिकचा गोळा व गुंफलेल्या पॉलिएथिलीनचे लायनर या मिश्र जोडीचा वाढत गेला. दोहोंच्या फेरशस्त्रक्रियेच्या प्रमाणात लक्षणीय अंतर दिसत नाही. धातूच्या गोळ्याच्या जागी सिरॅमिकचा गोळा आल्याने आणखी एक फायदा झाला: दांड्याच्या टोकावर धातूला धातू घासून जो गंज सुटतो व मांसपेशींना मारतो, तो बराच कमी झाला. माझे मत विचाराल तर साठीच्या पुढच्या माणसासाठी मिश्र जोडीवर खर्च थांबवावा. संपूर्ण सिरॅमिकचा विचार ज्यांच्यापुढे चाळीस वर्षांचे चालणे आहे त्यांच्यासाठी करावा, आणि तोही कप अचूक बसवण्याचा हात सिद्ध असलेल्या शल्यविशारदाकडूनच.

‘लॅन्सेट’ने २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदवह्यांवरून काढलेला निष्कर्ष सर्वत्र उद्धृत होतो: कृत्रिम खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षे टिकतात. हा आकडा खरा आहे, पण तो पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेल्या, म्हणजे बहुतांश जुन्या पॉलिएथिलीनच्या सांध्यांचा आहे. आज बसणारा सांधा त्याहून चांगला निघेल असे मानायला सबळ आधार आहे, पण तो आधार अनुमानाचा. शिवाय पंचवीस वर्षे पुरी झालेले हे रोगी फिनलंडचे: खुर्चीवर बसणारे, पाश्चात्त्य शौचकूप वापरणारे.

इथे आपल्याकडच्या अनुभवाची जागा सुरू होते, आणि ती बरीचशी रिकामी आहे. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, नमाजात गुडघ्यांवर येणे, ही आसने खुब्याला ज्या टोकाला नेतात तिथे दांड्याची मान उखळीच्या कडेवर आदळू शकते. पॉलिएथिलीनची कड तिथे दबते, सिरॅमिकची टवका उडून फुटते. या बाबतीत आपल्याला उपयोगी पुरावा युरोपचा नसून कोरियाचा आहे, कारण तिथेही जमिनीवर बसण्याची रीत आहे आणि तिथेही रोगी एव्हीएनचे तरुणच असतात. सोलच्या शल्यविशारदांनी अॅल्युमिना-अॅल्युमिना जोडीत हाड विरघळत नसल्याचे दाखवले. पण पॉलिएथिलीनमध्ये बसवलेले दुहेरी ‘सँडविच’ लायनर आणि २८ मिलिमीटरचे आखूड मानेचे गोळे फुटल्याचेही त्यांनीच प्रसिद्ध केले. आज ३२ आणि ३६ मिलिमीटरचे गोळे सर्रास वापरले जातात ते अशाच अनुभवाने, कारण गोळा मोठा असला की मान कडेपर्यंत पोचायला उशीर लागतो. सिकलसेलच्या रोग्याची कथा आणखी निराळी: त्याच्या हाडाची पोकळी जागोजाग टणक होऊन बुजलेली असते, जंतुसंसर्गाची धास्ती अधिक असते, आणि त्याचा सांधा निकामी होतो तो बहुधा झिजेने नव्हेच.

सांध्यांच्या क्षेत्रात मध्य प्रदेशाचे नाव मोठे नाही असे कोणी म्हणू नये. अटलबिहारी वाजपेयींच्या गुडघ्यांवर २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत शस्त्रक्रिया करणारे चित्तरंजन राणावत हे याच मुलखातले, इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. न्यूयॉर्कला जाऊन आधुनिक गुडघ्याच्या घडणीत त्यांनी हातभार लावला. कौशल्याची वाण नाही, वाण आहे ती दप्तराची. स्वीडनची खुब्यांची नोंदवही १९७९ पासून आहे, फिनलंडची १९८० पासून, ऑस्ट्रेलियाची १९९९ पासून आणि इंग्लंड-वेल्सची २००३ पासून. आपल्याकडे खुबे-गुडघे शल्यविशारदांच्या संघटनेने नोंदवही चालवली, पण ती स्वेच्छेची. ज्याला पाठवायचे तो पाठवतो, आणि फेरशस्त्रक्रिया दुसऱ्या गावी झाली तर पहिल्या नोंदीशी तिची गाठ पडेलच असे नाही.

या उणिवेची किंमत एकदा वसूल झालेली आहे. धातू-धातू जोडीचा ‘एएसआर’ हा सांधा जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो बसवला गेला होता. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला तेव्हा त्यांतल्या सुमारे १,०८० रोग्यांचाच ठावठिकाणा लागलेला होता. पुढे ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपासपर्यंत नुकसानभरपाईची तजवीज ठरली, परंतु जे सापडलेच नाहीत त्यांच्या रक्तात कोबाल्ट किती होता हे कोणी मोजले नाही. तो सांधा सिरॅमिकचा नव्हता, हे खरे. उद्या सिरॅमिकचा एखादा गट परत मागवावा लागला तर मात्र याद्यांची स्थिती याहून फार निराळी निघेल असे मानायला आधार नाही.

भोपाळने तर अशा दीर्घ पाठपुराव्याचे माहात्म्य आणि त्याची दुर्दशा दोन्ही जवळून पाहिली आहेत. डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने वायुबाधित आणि अबाधित मिळून सुमारे ९६ हजार माणसांची यादी केली आणि त्यांच्या प्रकृतीचा पाठपुरावा आरंभला. तो १९९४ पर्यंत चालला, मग सैल पडला, आणि २०१० मध्ये पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संस्था इथे स्थापन झाल्यावर तिच्याकडे आला. दरम्यान कित्येक माणसे वस्ती सोडून गेली आणि यादीतून गळाली. जखम किती काळ टिकते हे जाणण्यासाठी माणूस किती काळ सापडत राहतो हे आधी जाणावे लागते, हे या शहराला कोणी शिकवायला नको होते.

भोपाळच्या मराठी कुटुंबांत ही गळती एका खास रीतीने होते. १९५६ मध्ये राजधानी इथे आली तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरच्या कचेऱ्यांतून बदलून आलेल्या आणि तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरांत उतरलेल्या पिढीची मुले आता निवृत्त झाली, आणि नातवंडे पुण्या-बंगळूरला गेली. आजीच्या खुब्याची शस्त्रक्रिया मुलीच्या सोयीने पुण्यात होते, टाके निघाले की आजी परत येते. पुढचे क्ष-किरण चित्र इथे काढले जाते, आणि ते पाहणाऱ्या डॉक्टरापुढे कागद म्हणून असतो तो एक पानी डिस्चार्ज सारांश, ज्यात ‘सिरॅमिक’ एवढाच शब्द लिहिलेला असतो. कंपनी कोणती, दांडा कोणता, लायनर सिरॅमिकचा की पॉलिएथिलीनचा, यांपैकी काहीच नाही.

वस्तुतः ही माहिती प्रत्येक डब्याबरोबर येते. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या वेष्टनात चार-पाच चिकटपट्ट्या असतात, ज्यांना शस्त्रक्रियागृहात सगळे स्टिकर म्हणतात. त्यांवर भागाचे नाव, आकार, गटक्रमांक असतो. एक केसपेपरला लागतो, एक बिलाला, आणि उरलेले रोग्याच्या फायलीत लावून द्यायला काही खर्च नाही. रोग्याने ते मागावेत, आणि त्यांची नक्कल घरातल्या दोन माणसांकडे ठेवावी. सिरॅमिकच्या बाबतीत त्यांतला दांड्याचा स्टिकर सर्वांत मोलाचा. वीस वर्षांनी गोळा बदलायची वेळ आली आणि दांडा हाडात पक्का रुजलेला असला, तर तो न काढता त्याच्या जुन्या टोकावर टायटॅनियमची आतली बाही असलेला नवा सिरॅमिक गोळा बसवता येतो. परंतु त्यासाठी त्या टोकाचा निमुळतेपणा नेमका ठाऊक असावा लागतो, आणि निरनिराळ्या कंपन्यांची ‘१२/१४’ या एकाच नावाने ओळखली जाणारी टोके कोनात आणि लांबीत एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. टोक कोणाचे हे कळले नाही, तर कधीकधी मांडीचे हाड उभे चिरून तो चांगला रुजलेला दांडाच बाहेर काढावा लागतो.